घरात घालायची चप्पल

परळला केईएम रुग्णालयाच्या फाटकापाशी पाच मिनिटं उभं राहावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यांऐवजी पायांकडे बघावं. एका पायात निळ्या पट्ट्यांची हवाई चप्पल, दुसऱ्या पायाला बँडेज, आणि पावसाळा असेल तर त्या बँडेजवर रबरबँडने आवळलेली प्लास्टिकची पिशवी, असा एखादा तरी माणूस दिसतोच. सोबतच्याला विचारलं की काय झालं, तर उत्तर ठरलेलं असतं. ‘शुगर आहे. जखम भरत नाही.’

उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. शुगर असते रक्तात आणि रक्त फिरतं सगळ्या अंगात. मग जखम नेमकी तळपायालाच का? आणि तळपायावर तरी कुठेही का होत नाही? बहुतेकदा ती चवड्याखाली होते, अंगठ्याच्या बुडाशी होते, नाहीतर वाकड्या झालेल्या बोटाच्या टोकाला होते. त्याच माणसाला दाढी करताना गालावर ब्लेड लागलं तर चार दिवसांत खपली धरून मोकळं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तर तीही जखम भरते. पायाची मात्र महिनोन् महिने ओली राहते. मलमं बदलतात, अँटिबायोटिक्स बदलतात, डॉक्टरही बदलतात. शेवटी एकदाची भरते आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा उघडते. २०१७ साली या विषयावरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार जखम भरलेल्यांपैकी ४० टक्के लोकांना वर्षाच्या आत आणि जवळजवळ ६० टक्के लोकांना तीन वर्षांच्या आत ती पुन्हा होते.

साखर वाढलेली असली की जखम सावकाश भरते आणि जंतूंचं फावतं, हे खरंच आहे. पण गाल आणि तळपाय यांच्यात याहून मोठा एक फरक आहे. गालावर कोणी चालत नाही.

वेल्लोरहून आलेला धडा

ही साधी वाटणारी गोष्ट वैद्यकाच्या लक्षात आली ती मधुमेहामुळे नाही, कुष्ठरोगामुळे. परळहून जवळच वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, १८९० पासूनचं. ते सुरू झालं तेव्हा आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं सगळीकडे एकच समजूत होती, की या रोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं झडून पडतात.

१९४६ साली पॉल ब्रँड नावाचे हाडांचे सर्जन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. त्यांचा जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातलाच, मिशनरी आईबापांच्या पोटी. कुष्ठरोग्यांच्या पायांच्या जखमा त्यांनी प्लास्टरमध्ये ठेवून पाहिल्या, तर त्या इतर कोणाच्याही जखमांसारख्या भरल्या. म्हणजे मांस नासकं नव्हतं. मग जखम होत कशाने होती? त्यांनी रुग्णांचे दिवस आणि रात्री बारकाईने बघायला सुरुवात केली. कोणी चुलीतलं गरम भांडं हातानेच उतरवत होतं, कोणी खिळा टोचलेल्या पायाने दिवसभर फिरत होतं. काहींची बोटं तर रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवल्यावर कळलं, उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत मांजर द्यायची पद्धत तिथे सुरू झाली. जुन्या चाळींत राहिलेल्यांना या गोष्टीचं फारसं आश्चर्य वाटू नये. बधिर पायाच्या मधुमेही माणसाला उंदीर चावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

नासधूस होत होती ती वेदना नसल्यामुळे. १९६०च्या दशकात ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेह्यांचे पाय पाहिल्यावर त्यांना ते ओळखीचे वाटले. जागा तीच, जखम तशीच. वेल्लोरचं प्लास्टर आणि मऊ रबराची चप्पल मधुमेह्यांच्या पायांपर्यंत पोचली ती अशी. आपण एरवी उपचार तिकडून इकडे आल्याचं ऐकतो, इथे वाट उलटी आहे.

बधिर पाय कसा चालतो

धडधाकट माणूस लांब चालतो तेव्हा त्याच्या नकळत बरंच काही चालू असतं. टाच दुखायला लागली की तो चवड्यावर भार घेतो, चवडा तापला की पाय किंचित बाहेरच्या कडेवर टाकतो. बक्कल सैल करतो, खांबाला टेकून उभा राहतो, चपलेत खडा गेला तर दुसऱ्या पावलाला थांबून झटकतो. हे सगळं तळपायाच्या नसा करून घेतात. बरीच वर्षं साखर चढी राहिली की याच नसा आधी कामातून जातात. मज्जातंतू जितका लांब तितका तो लवकर बिघडतो, आणि शरीरातले सगळ्यात लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जाणारे. म्हणून सुरुवात बोटांपासून होते. मुंग्या येतात, रात्री आग होते, मग हळूहळू काहीच होईनासं होतं. पेशंटला वाटतं बरं झालं, मुंग्या थांबल्या. धोका तिथून सुरू होतो.

बधिर झालेला पाय जागा बदलत नाही. पहिलं पाऊल जिथे पडलं तिथेच दहा हजारावं पाऊल पडतं. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने रोज हजारो वेळा दाब देऊन पाहिला. दाब तसा माफकच होता, एका वेळी इजा करणारा नव्हता. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. मग जागा सुजली, ऊबदार झाली, आणि काही दिवसांत फुटली. आपल्या पायाचंही असंच होतं, जखमेच्या आधी ऊब येते. दोन्ही पायांच्या त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक राहिला तर तो धोक्याचा इशारा धरतात.

बधिरपणासोबत आणखी दोन गोष्टी होतात. बोटं सरळ ठेवणारे छोटे स्नायू दुबळे पडतात, बोटं वर उचलून आकड्यासारखी वळतात आणि चवड्याची हाडं खाली उघडी पडतात. घाम आणणाऱ्या नसाही बिघडतात, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगा जातात. शिवाय साखरेमुळे सांध्यांभोवतीचे पडदे कडक होतात आणि पाऊल पुरेसं वाकत नाही. त्या उघड्या हाडाखालची कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, तोच घट्टा. पण घट्टा कडक असतो, त्यामुळे तो खालून आणखीच दाबायला लागतो. ब्रिटनमधल्या १९९२ सालच्या एका अभ्यासात घट्टा काढण्याआधी आणि काढल्यानंतर दाब मोजला गेला. तो सुमारे चतुर्थांशाने उतरला होता. घट्ट्याच्या आत काळपट-लाल डाग दिसला तर खाली रक्त साकळलंय असं समजावं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. घरी ब्लेडने तासणं किंवा केमिस्टकडून कॉर्न कॅप आणून चिकटवणं, दोन्ही बधिर पायाला घातक आहे. कॉर्न कॅपमधलं ॲसिड कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही.

डोक्यावरचा हंडा

आता चपलेकडे येऊ. चप्पल वजन कमी करू शकत नाही. साठ किलोचा माणूस साठच किलो राहणार. ती फक्त ते वजन किती जागेवर पसरायचं हे ठरवते.

डोक्यावर पाण्याचा हंडा घेणारी बाई आधी डोक्यावर चुंबळ ठेवते. हंड्याचं बूड गोल, डोकंही गोल, त्यामुळे नुसता हंडा ठेवला तर सगळा भार रुपयाएवढ्या जागेवर येतो. चुंबळ त्या जागेभोवती कडं करते आणि भार सगळीकडे वाटते. पाणी एक थेंबही कमी होत नाही, तरी डोकं दुखायचं थांबतं. चुंबळ घट्ट वळलेली मात्र हवी. सैल चिंधी ठेवली तर ती दबून जाते आणि हंडा पुन्हा डोक्यालाच लागतो. बाजारात ‘डॉक्टर स्लिपर’ म्हणून मिळणाऱ्या फोमच्या कित्येक चपलांचं हेच होतं. दुकानात पाय ठेवल्यावर ढगावर उभं राहिल्यासारखं वाटतं आणि महिन्याभरात टाचेखाली फोमचा पापड झालेला असतो.

आकडे घालून बघू. पाऊल उचलताना क्षणभर सगळं वजन एका चवड्यावर असतं. साठ किलो वीस चौरस सेंटिमीटरवर आले तर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो पडतात. तेच शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरले तर सहाशे ग्रॅम. एकदा जखम होऊन गेलेल्या पायासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने घातलेली मर्यादा २०० किलोपास्कल आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो. चपलेच्या आत मोजलेला दाब त्याखाली राहायला हवा, निदान आधीपेक्षा ३० टक्के तरी उतरायला हवा.

चप्पल उलगडून पाहू

आपल्याकडे अशा चपलेचा जीव म्हणजे एमसीआर, मायक्रोसेल्युलर रबर. नाव अवघड आहे, वस्तू साधी आहे. रबरात हवेचे बारीक, एकमेकांपासून बंद असलेले कप्पे असतात. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा हा थर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबला की दबतो आणि सोडला की लगेच वर येतो. तळाला बोट पोचलं तर रबर फार मऊ, दबलंच नाही तर फार कडक. दुकानात उभ्या-उभ्या करता येईल अशी ही परीक्षा आहे आणि दुकानदाराला ती आवडत नाही.

एमसीआरच्या खाली कडक तळ असतो. पूर्वी तो जुन्या टायरचा असे. तो दोन कामं करतो. खिळा, काच वर येऊ देत नाही, आणि चवड्यापाशी वाकत नाही. ज्यांच्या चवड्याखाली जखम होऊन गेली आहे त्यांच्यासाठी तळाला पुढून वर उचललेला बाक देतात, त्याला रॉकर सोल म्हणतात. त्यावर पाऊल न वाकता पुढे झुकतं आणि पाय उचलतानाचा चवड्यावरचा मोठा दाब टळतो. चालायला पहिले काही दिवस विचित्र वाटतं, म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. म्हणून तो सगळ्यांना सरसकट देत नाहीत.

वरचे पट्टे रुंद, आतून मऊ आणि वेल्क्रोचे असतात, कारण मधुमेह्याचा पाय सकाळी एक मापाचा आणि संध्याकाळी सुजून दुसऱ्या मापाचा असतो. टाचेमागे पट्टा असतोच. कुठेही खिळा नसतो, सगळं शिवलेलं किंवा चिकटवलेलं. आणि अंगठा नसतो. हवाई चप्पल काय किंवा कोल्हापुरी काय, पायात राहावी म्हणून बोटांनी ती सतत धरून ठेवावी लागते. दुबळ्या बोटांना ते जमत नाही आणि बेचक्यातली कातडी सोलवटते. या दुखण्यातले जाणते डॉक्टर पेशंटला एक प्रश्न हमखास विचारतात. चालताना चप्पल निसटते का, आणि निसटली तर कळतं का? बधिर पायाचा माणूस चप्पल मागे राहिली तरी चार पावलं पुढे गेलेला असतो.

पाय वाकडा नसेल आणि आधी जखम झाली नसेल तर तयार मापाची चांगली चप्पल चालते. पाय बदललेला असेल तर आतला थर त्या पायाच्या साच्यावर बनवून घ्यावा लागतो. दाब कुठे येतो हे पाहण्याचं एक स्वस्त साधन म्हणजे हॅरिस मॅट. कॅनडाच्या सैनिकांचे पाय तपासणाऱ्या हॅरिस आणि बीथ या दोघांनी १९४७ साली ती प्रसिद्ध केली. रबराच्या चौकटीवर बारीक कंगोरे असतात, त्यांना शाई लावायची, वर कागद, कागदावर पाय. दाब कमी तिथे विरळ चौकटी उठतात, दाब जास्त तिथे काळा गोळा. निरोगी पायाच्या ठशात टाचेला आणि चवड्याला मध्यम करडा रंग येतो. जखमेच्या वाटेवरच्या पायाच्या ठशात अंगठ्यामागे एक काळाकुट्ट डाग असतो आणि कमानीची जागा कोरी पांढरी. कारागिराला जे करायचं ते या कागदावरच दिसतं. त्या कोऱ्या जागेखाली आधार भरायचा आणि काळ्या जागेखाली खोलगट करायचं, म्हणजे कमानही भार उचलायला लागते.

मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. कृत्रिम हात-पाय आणि आधाराची साधनं बनवणारा विभाग तिथे आहे. अशा कामाला ऑर्थोटिस्ट लागतो, म्हणजे पायाचं शरीरशास्त्र आणि चपलेची कारागिरी दोन्ही जाणणारा माणूस.

उंबरठ्याबाहेर राहिलेली चप्पल

इथपर्यंत सगळं छान आहे. आता मुद्द्याची गोष्ट.

नेदरलँड्समध्ये १७१ मधुमेह्यांवर एक काळजीपूर्वक अभ्यास झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांना एकदा जखम होऊन गेलेली. सगळ्यांना मापाचे बूट. निम्म्यांच्या बुटांत यंत्राने दाब मोजून, पुन्हा-पुन्हा सुधारणा करून दाब उतरवला होता. दीड वर्षाने दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. सुधारलेल्या बुटांच्या गटात ३८.८ टक्के जणांना पुन्हा जखम, दुसऱ्यात ४४.२ टक्के. एवढी मेहनत वाया गेली म्हणायची? मग त्यांनी फक्त अशा लोकांकडे पाहिलं, जे दिवसातली किमान ८० टक्के पावलं बूट घालूनच टाकत होते. त्यांच्यात सुधारलेल्या बुटांच्या गटात जखमा २५.७ टक्के होत्या आणि दुसऱ्या गटात ४७.८. बूट उत्तमच होता, पण पायात नव्हता.

कुठे नव्हता तेही त्यांनी मोजलं. बाहेर जाताना हे लोक ८७ टक्के पावलं बूट घालून टाकत होते, घरात ६१ टक्के. आणि त्यांची दिवसातली जास्त पावलं घरात पडत होती, बाहेर नाही.

हे डच लोकांचं, ज्यांना घरात बूट घालायचं काही वाटत नाही. आपल्याकडे काय असेल याची कल्पनाच करावी. चप्पल दाराबाहेर काढायची हे मराठी मुलाला शिकवावं लागत नाही. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली घ्या किंवा टॉवरमधला फ्लॅट घ्या, ओटा, मोरी, गॅलरी, नळ, दार, पुन्हा ओटा, हे सगळं अनवाणी. लहान घरात पावलं लहान पडतात, पण कमी पडत नाहीत. पोळ्या लाटताना तासभर लादीवर उभं राहणं वेगळंच. लादीवर फुटलेल्या बांगडीची काच असते, शिवणाची सुई असते, उकळत्या तेलाचा थेंब असतो. रात्री अंधारात संडासाला उठलं की पलंगाचा पाय असतो.

आणि अशी चप्पल घेऊन येणारी मुलगी आईला म्हणते, ‘आई, घरातही घालायचीय ही.’

‘अगं, देवघरात कशी घालू?’

या प्रश्नाची टर उडवण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर द्यायला हवं. उत्तर चपलेच्या कामातच आहे. चप्पल भार वाटण्यासाठी आहे. भार नसेल तिथे तिची गरज नाही. देवापुढे खुर्चीवर किंवा पाटावर बसून पूजा केली, की पायावर वजन नाही आणि चप्पलही नको. उभं राहून करायची असेल तर घरातला असा वेगळा जोड हवा, जो कधी उंबरठा ओलांडून बाहेर गेलेला नाही आणि पाण्याने धुता येतो. आईची हरकत रस्त्याच्या घाणीला असते. एमसीआरचा धुतलेला जोड बाथरूमच्या लादीइतका तरी स्वच्छ असतोच. दोन जोड, एक आतला आणि एक बाहेरचा, ही चैन समजू नये. एकच जोड परवडत असेल तर तो घरातला असावा, असं मी म्हणेन, आणि मला माहीत आहे की बहुतेक घरांत याच्या बरोबर उलट होतं.

केईएममध्ये १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं प्रशिक्षण सुरू केलं. त्या मूळच्या अमेरिकन, लग्न होऊन निंबकरांच्या घरात आलेल्या. या शास्त्राचा रोख असा, की कोणता स्नायू किती दुबळा हे बघून थांबायचं नाही, हा माणूस उद्या पाणी कसं भरणार, स्वयंपाक कसा करणार हे बघायचं. चपलेच्या बाबतीत बहुतेक दवाखाने दाबापर्यंत पोचतात, ओट्यापर्यंत पोचत नाहीत.

प्लास्टरची गोष्टही तीच सांगते. उघड्या जखमेला भारमुक्त करायला गुडघ्याखाली पायाशी तंतोतंत बसणारं प्लास्टर घालतात, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. २००१ सालच्या एका अमेरिकन तुलनेत अशा प्लास्टरने १२ आठवड्यांत जवळपास ९० टक्के जखमा भरल्या. तितकाच दाब उतरवणाऱ्या पण काढता-घालता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. पुढे काढता येणाऱ्या बुटात गुपचूप पाऊलमोजणी यंत्र ठेवलं, तेव्हा लोक दिवसातली फक्त २८ टक्के पावलं तो घालून टाकत असल्याचं निघालं.

अंगारकी आणि हिंदमाता

परळ-लालबागच्या माणसाला आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. अंगारकीला उपनगरांतून रात्रीच निघून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालत येणारे हजारो असतात. नवस कधीकधी वर्षानुवर्षांचा असतो, पाय धड होते तेव्हा बोललेला. बधिर पायाने डांबरावर काही तास न थांबता चालणं हा उंदरांच्या तळव्यांवरचा प्रयोग स्वतःवर करून घेण्यासारखा प्रकार आहे. नवस न मोडता मार्ग काढता येतो. टॅक्सीने जावं आणि देवळाच्या दाराशी चप्पल काढावी. दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा मात्र नकोच. तळपाय भाजतो आणि घरी येऊन मोजा काढेपर्यंत कळत नाही. कापडी मोजा थोडी उष्णता अडवतो, दाब मुळीच अडवत नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. हिंदमाता चौकात पाणी भरलं की लोक चपला हातात घेऊन चालतात, चामडं खराब होऊ नये म्हणून. बधिर पायाच्या माणसाने नेमकं उलट करायला हवं, चप्पल भिजली तर भिजू द्यावी. एमसीआर पाण्याने मरत नाही. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. चप्पल पंख्याखाली वाळवावी, गॅसजवळ नाही. मोजे घालत असाल तर फिक्या रंगाचे, शिवण बाहेर करून. रक्ताचा किंवा पुवाचा डाग पांढऱ्यावर दिसतो, काळ्यावर दिसत नाही.

चौकट: घरच्या घरी स्पर्शपरीक्षा

२०११ साली इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. साधन काही लागत नाही. पेशंटला डोळे मिटून पडायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच टेकवा. दाबू नका, टोचू नका, घासू नका. मग मधलं बोट, मग करंगळी. नंतर डाव्या पायाची तीच तीन. स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं धरून तपासून घ्यावा. दवाखान्यात हेच काम दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने करतात. रोज रात्री पाय उलटा करून बघणं हे वेगळं काम. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा मोबाइलने फोटो काढावा. चप्पल घालण्याआधी हात आत फिरवावा, खडा, नाणं, औषधाची गोळी असं काहीही सापडतं.

चपलेने न सुटणारं

पायात रक्तच कमी येत असेल तर चुंबळ कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. घोट्याची नाडी लागत नाही, पाय गार पडतो, थोडं चाललं की पोटरी आवळून येते, बोटं निळी-काळी पडतात, अशा वेळी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे जायचं. विडी-सिगारेट चालू ठेवून इथे काहीही जमत नाही. जखमेला वास येतो, ताप येतो, लाली वर चढते, तर ते इन्फेक्शन. ते आधी, चप्पल मागाहून. आणि एक फसवा प्रकार आहे. पाय अचानक सुजतो, लाल आणि गरम होतो, पण दुखत फारसा नाही आणि कातडी कुठे फुटलेली नाही. मुरगळला असेल म्हणून लोक तसेच चालतात. हा शार्को फूट असू शकतो, ज्यात पायाची हाडं आतल्या आत मोडत असतात. चालणं तिथल्या तिथे थांबवलं तर पायाचा आकार वाचतो.

माप, सवय आणि मुदत

चप्पल संध्याकाळी, उभं राहून मापावी. सगळ्यात लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे आणि चवड्याच्या रुंदीला बाजूने दाब येता कामा नये. ‘घट्ट वाटतेय का?’ हा प्रश्न बधिर पायाला विचारण्यात अर्थ नाही, डोळ्यांनी बघावं. बधिर पायाला नीट मापाची चप्पल सैल वाटते आणि माणूस एक नंबर लहान मागतो, हा नेहमीचा घोटाळा. नवा जोड पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास घालावा आणि काढून पाय बघावा. लाल झालेली जागा वीस मिनिटांत निवळली नाही तर चप्पल परत न्यावी. निवळली तर रोज थोडा वेळ वाढवत जावा.

रंगरूपाचाही विचार करावा. कुष्ठरोग्यांना मिळणाऱ्या एकसारख्या एमसीआर चपला कित्येकांनी वापरल्याच नाहीत, कारण त्या पाहून गल्लीला रोग कळत असे. आता हेच रबर नेहमीच्या सँडलसारख्या दिसणाऱ्या चपलेत बसवून मिळतं. आवडलेली चप्पल पायात राहते.

आणि एमसीआर झिजतं. वरून नवं दिसत असताना आतले हवेचे कप्पे बसलेले असतात. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णाला वर्षाला दोन जोड द्यायची पद्धत आहे, मधुमेह्यानेही तोच हिशेब धरावा. खरेदीची तारीख तळाशी मार्करने लिहून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चवड्याखालचा थर चिमटीत धरून बघावा.